ब्रेकमधली हवा
प्रस्तावना

विरार लोकल फलाटाला लागते तेव्हा डब्याखालून ‘फुस्स’ असा सुस्कारा ऐकू येतो. रोज दोनदा ऐकूनही त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ती हवा असते. दाबून भरलेल्या हवेच्या जोरावर एवढी मोठी गाडी थांबते. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ साली पेटंट घेतलं, तेव्हापासून रेल्वेच्या ब्रेकमध्ये हवा इमानाने नोकरी करते आहे. जिना उतरून स्टेशनबाहेर लावलेली मोटारसायकल काढली, की हिशोब उलटा होतो. इथे ब्रेकच्या नळीत वाटाण्याएवढी हवा शिरली तरी लिव्हर मऊ पडतो, दांड्याकडे झुकतो, आणि जिथे थांबायचं त्याच्या हातभर पुढे जाऊन आपण थांबतो. एकाच माणसाच्या एकाच प्रवासात आधी हवा कामाला असते, आणि पुढे तीच घरभेदी होते.

हे पुस्तक त्या दुसऱ्या हवेबद्दल आहे. ती आत कशी शिरते, तिला बाहेर कसं काढायचं, आणि हे काम घरच्या घरी, इमारतीच्या पार्किंगमध्ये, एक आठचा पाना, एक पारदर्शक नळी आणि एक रिकामी बाटली एवढ्यावर कुठपर्यंत करता येतं, हा त्याचा विषय. ‘कुठपर्यंत’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. हातातल्या वस्तूंनी काम भागवणं हा गुण आहे, पण ब्रेक ही अशी जागा आहे की तिथे भागवाभागवीची हद्द आधी आखून घ्यावी लागते. ती हद्द कुठून कुठे जाते हे सांगणं, हेच या पुस्तकाचं खरं काम.

पंपाने एअर धरली

विषय नवा वाटला तरी वसईकराला त्यातलं मर्म जुनंच आहे. पश्चिमेच्या पट्ट्यात, भुईगाव, निर्मळ, आगाशी, अर्नाळा या भागांत विहिरीवरच्या पंपाने केळी, पानवेली, फुलं आणि भाजी जगवलेली घरं अजून आहेत. त्या घरांत ‘पंपाने एअर धरली’ हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मोटर घरघरते, पाणी मात्र चढत नाही. मग वरून बादलीभर पाणी ओतून पाइप गच्च भरायचा आणि खालचा फूट व्हॉल्व्ह ते पाणी धरून ठेवतोय ना, ते पाहायचं. पाचूबंदरात किंवा नायगावात बोटीचं इंजिन बंद पडलं तर नाखवा डिझेलच्या नळीवरचा नट सैल करतो, हातपंप मारतो, फेस थांबून निखळ डिझेल आलं की नट आवळतो. द्रवाच्या नळीत हवा शिरली की काम थांबतं आणि ती हवा एका वाटेने बाहेर काढून द्यावी लागते, हे ज्ञान बागेत आणि बंदरावर आधीच आहे. ब्रेकची हवा काढणं ही त्याच ज्ञानाची नाजूक आवृत्ती.

नाजूक अशासाठी की इथे माप फार लहान आहे आणि दाब फार मोठा. एक ढोबळ हिशोब मांडून पाहू. हँडलवरच्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर व्यासाचा धरा. लिव्हर दाबल्यावर तो १० मिलिमीटर आत सरकला तर ढकललेलं फ्लुइड भरतं जेमतेम सव्वा सीसी. बोटांनी १० किलोचा जोर दिला आणि लिव्हरच्या तरफेने तो सहापट केला, तर नळीतला दाब दर चौरस सेंटिमीटरला ४५ किलोच्या पुढे जातो. खाली चाकापाशी, पॅडनी डिस्क चिमटणाऱ्या कॅलिपरमध्ये, ३० मिलिमीटर व्यासाचा पिस्टन असेल तर त्याचं क्षेत्रफळ सात चौरस सेंटिमीटर. म्हणजे पॅडवर येणारा जोर ३०० किलोहून जास्त. बोटांनी दिलेल्या १० किलोंचे चाकाशी ३०० किलो होतात, ते केवळ द्रव दाबला जात नाही म्हणून. हवा मात्र दाबली जाते. वाटाण्याएवढी हवा म्हणजे साधारण पाव सीसी. एवढ्या दाबाखाली ती मोहरीएवढी होऊन बसते आणि सव्वा सीसीतला पाचवा हिस्सा तिथेच खर्ची पडतो. पॅडने डिस्क घट्ट धरण्याआधीच लिव्हर बराच पुढे येतो. मेकॅनिक याला ‘ब्रेक फुसका झालाय’ म्हणतात, आणि या रोगाला याहून नेमकं नाव मला सापडलेलं नाही.

दांडीपासून द्रवापर्यंत

या जोरामागचं तत्त्व ब्लेझ पास्कालचं. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे सांगणारा त्याचा ग्रंथ १६६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. १७९५ मध्ये जोसेफ ब्रामाने त्यावर पाण्याचं दाबयंत्र उभारलं. ब्रेकपर्यंत यायला आणखी सव्वाशे वर्षं गेली. माल्कम लॉकहीडने द्रवाच्या ब्रेकचं पेटंट १९१७ साली मिळवलं आणि १९२१ मध्ये ड्युसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना असे ब्रेक लागले. डिस्कची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. फ्रेडरिक लँचेस्टरचं पेटंट १९०२ चं, पण डिस्कचा दबदबा वाढला तो १९५३ मध्ये, जॅग्वार गाड्यांनी डिस्कच्या बळावर ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली तेव्हा. मोटारसायकलवर या दोन्ही वाटा १९६९ च्या होंडा सीबी ७५० मध्ये एकत्र आल्या. पुढच्या चाकाला द्रवावर चालणारी डिस्क कारखान्यातूनच लावलेली ती गाडी जगभर खपली, आणि मग बाकीच्यांना मागे राहणं परवडलं नाही.

आपल्याकडे तोवर केबल आणि दांडीचं राज्य होतं. चेतक असो, राजदूत असो की बुलेट, चाकाच्या ड्रममध्ये दोन लायनर आणि ते फाकवणारी केबल किंवा दांडी एवढाच कारभार. ब्रेक सैल वाटला की मागच्या दांडीचा नट दोन फेरे आवळायचा, संपलं. रोग डोळ्यांना दिसायचा, उपायही दिसायचा. १९९९ च्या हीरो होंडा सीबीझेडने आणि २००१ च्या बजाज पल्सरने पुढच्या चाकावरची चकचकीत डिस्क कॉलेजच्या पोरांच्या स्वप्नात आणली. मग कायद्याने पाऊल टाकलं. १ एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलना आणि १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या दुचाकींना, १२५ सीसीच्या वर असतील तर एबीएस, म्हणजे ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणि त्याखाली असतील तर निदान कॉम्बी ब्रेक, म्हणजे एकाच दाबाने दोन्ही चाकांना लागणारा ब्रेक, बंधनकारक झाला. वीस वर्षांत ब्रेक दांडीतून द्रवात गेला. गाड्या चांगल्या थांबू लागल्या यात शंका नाही. पण बिघाड डोळ्याआड गेला. फ्लुइड जुनं झालं की नाही, नळीत हवा आहे की नाही, हे नट पाहून कळत नाही. ते हाताला कळतं, आणि हात आधी शिकवावा लागतो.

गंमत अशी की हे ब्रेक घडतात आपल्याच मुलखात. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला आणि पुण्याच्या चाकणला दुचाकींचे ब्रेक बनवणारे मोठे कारखाने आहेत. गाडीबरोबर येणारी पुस्तिका मात्र बहुधा इंग्रजीत असते, आणि तिच्यात या कामापुढे ‘अधिकृत केंद्रात जा’ एवढंच लिहिलेलं असतं. यंत्राचं ज्ञान मराठीत मांडायची परंपरा आपल्याकडे नाही असं मात्र नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा उद्योग १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरू झाला, आणि त्याच घराण्याच्या कारखान्यातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. दुकान, कारखाना आणि छापील मराठी शब्द एकमेकांना धरून चालू शकतात, हे तेव्हाच दिसलं होतं. हे पुस्तक त्याच वाटेवरचं एक लहान पाऊल आहे.

‘ऑइल’ या शब्दाची फसवणूक

कामाला हात घालण्याआधी एका शब्दाशी भांडण मिटवायला हवं. गॅरेजात, दुकानात, घरात सगळे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. मीही बोलताना म्हणतो. पण ते तेल नव्हे. आपल्या दुचाकींत वापरतात ते फ्लुइड ग्लायकॉलच्या कुळातलं असतं, पाण्यात विरघळतं, आणि रंगावर सांडलं तर रंग उचलतं. कुणी ‘ऑइल’ या शब्दावर विश्वास ठेवून मास्टर सिलिंडरवरच्या फ्लुइडच्या टाकीत इंजिन ऑइलचे चार थेंब जरी घातले, तरी आतली रबरी सीलं फुगतात आणि ब्रेक एक तर धरून राहतो किंवा सुटून जातो. मग मास्टर सिलिंडरपासून कॅलिपरपर्यंत सगळं रबर बदलावं लागतं. म्हणून पुढच्या पानांत बोलीतला शब्द आम्ही फक्त बोलण्यात ठेवला आहे. काम सांगताना ‘फ्लुइड’ असंच लिहिलं आहे.

त्याचे प्रकार डॉट या नावाने ओळखले जातात. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या आद्याक्षरांचं हे नाव. डॉट ३ कोरडं असताना निदान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, डॉट ४ ला ही हद्द २३० आणि डॉट ५.१ ला २६०. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हे आकडे अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० वर घसरतात. १०० मिलिलिटर फ्लुइडमध्ये ३.७ टक्के म्हणजे चहाचा चमचाभरही पाणी नव्हे. डॉट ५ नावाचं चौथं फ्लुइड सिलिकॉनचं असतं आणि ते बाकीच्यांत मिसळायचं नसतं. त्याचं नाव डॉट ५.१ ला इतकं जवळचं आहे की चूक होऊ शकते. गाडीला कोणतं लागतं हे टाकीच्या झाकणावरच कोरलेलं असतं. दुकानदाराच्या आठवणीपेक्षा त्या झाकणावर भरवसा ठेवावा.

इथेच हे का महत्त्वाचं

ग्लायकॉलचं फ्लुइड हवेतलं पाणी पितं. झाकणाच्या फटीतून, रबरी नळीच्या अंगातून, महिनोन्‌महिने, गाडी उभी असली तरी. आता वसई-विरारची हवा आठवा. एका बाजूला अर्नाळ्यापासून पाचूबंदरापर्यंत समुद्र, दक्षिणेला खाडी, मध्ये मिठागरं, आणि चार महिने असा पाऊस की कपाटातले कपडेही ओलसर लागतात. जुलै २०१८ मध्ये रुळांवर पाणी चढून लोकल बंद पडल्या, मिठागरांवरच्या लोकांना बाहेर काढावं लागलं. त्या दिवसांत कित्येक दुचाकी अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात उभ्या होत्या. बाहेरचा चिखल दुसऱ्या दिवशी धुतला गेला. कॅलिपरच्या निपलवरची, म्हणजे हवा सोडायच्या बारीक तोटीवरची, छोटी रबरी टोपी निघून गेली असेल, तर तिच्या जागी बसलेला खारा गाळ तसाच राहिला. दोन वर्षांनी तिथे पाना लावला की निपल फिरत नाही, आणि जोर केला तर कोन गोल होतात किंवा ते मुळातूनच तुटतं. अख्खा कॅलिपर अशा एका टोपीपायी गेलेला मी पाहिला आहे.

दुसरी गोष्ट आपल्या शहराच्या घडणीची. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं मिळून २००९ मध्ये महानगरपालिका झाली, पण इथल्या दुचाकीचा दिनक्रम आजही स्टेशनभोवतीच फिरतो. सकाळी घरापासून तीन किलोमीटर, मग बारा तास उन्हापावसात पार्किंग, रात्री परत तीन किलोमीटर. अशा गाडीचा मीटर वर्षाला फारसा पळत नाही. मालक म्हणतो, ‘गाडी चाललीच कुठे, सर्व्हिसिंग कशाला?’ इंजिन ऑइलच्या बाबतीत त्यात थोडं तथ्य असेलही. ब्रेकच्या फ्लुइडच्या बाबतीत मात्र हा हिशोबच चुकीचा. ते किलोमीटर मोजत नाही, पावसाळे मोजतं. मीटरवर आठ हजार असले तरी दोन पावसाळे झाले की फ्लुइड बदलण्याची वेळ झाली असं समजावं.

मग एखाद्या रविवारी हीच स्टेशनची गाडी दाभोसा धबधब्याला किंवा जव्हारच्या घाटात निघते. मागे एक जण बसलेला, खांद्याला पिशवी, आणि उतारावर ब्रेकवर बोटं सतत. डिस्क तापते, उष्णता पॅडमधून पिस्टनपर्यंत आणि तिथून फ्लुइडपर्यंत पोचते. पाणी मुरलेलं फ्लुइड उकळू लागतं, वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दाबली जाते. सकाळी पार्किंगमध्ये ठणठणीत असलेला लिव्हर वळणावर दांड्याला टेकतो. गाडी थंड झाली की ब्रेक परत येतो, म्हणून घरी आल्यावर मेकॅनिकला काहीच सापडत नाही. बिघाड घडून जातो आणि पुरावाही विरून जातो. ज्याला कारण माहीत आहे, त्यालाच तो ओळखता येतो.

विजेच्या स्कूटरवाल्यांनी हे आपलं नाही असं समजू नये. त्यांची मोटर वेग कमी करायला मदत करते, म्हणून पॅड कमी झिजतात. पण डिस्क असेल तर फ्लुइडही आहे आणि ते पाणी पीतच आहे. पॅड टिकले म्हणून तिकडे वर्षानुवर्षं कुणी पाहतच नाही, त्यामुळे धोका उलट वाढतो.

चार पंथ

हवा काढण्याच्या रीती अनेक असल्या तरी त्यांचे मूळ पंथ चारच. बाकीचे त्यांचे उपपंथ.

पहिला, दोघांचा. एक जण लिव्हरवर, एक जण निपलपाशी. चौकातल्या गॅरेजात याची हाळी ऐकू येते: ‘मार, मार, मार… धर!’ तीन-चार वेळा लिव्हर दाबून शेवटी धरून ठेवायचा, त्याच क्षणी खालच्याने निपल पाव फेरा सैल करायचं, फ्लुइड आणि बुडबुडे बाहेर येतात, निपल आवळायचं, आणि त्यानंतरच लिव्हर सोडायचा. या क्रमातच सगळं आलं. निपल उघडं असताना लिव्हर सुटला की जेवढी हवा गेली तेवढी परत आत. मी हे पहिल्यांदा केलं ते नालासोपाऱ्यात, आमच्या इमारतीच्या जिन्याखाली. लिव्हरवर आई होती, प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेली, पदर कमरेला खोचून. ‘आई, धर. मी सांगेपर्यंत सोडू नकोस.’ तिने डोळे मिटून धरला. मी मात्र खालच्या बाटलीतले बुडबुडे मोजण्यात इतका रमलो की वरची टाकी रिकामी होतेय हे पाहिलंच नाही. टाकी तळाला गेली, वरूनच हवा आत शिरली आणि संपत आलेलं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. त्या दिवसापासून टाकीकडे पाहणारा तिसरा डोळा ठेवायची सवय लागली.

दुसरा पंथ ओढणाऱ्यांचा. निपलला नळी, नळीला सिरिंज किंवा हातपंप, आणि खालून फ्लुइड ओढून घ्यायचं. एकट्याने जमतं, वेळ कमी लागतो. पण ओढताना निपलच्या आट्यांतून बाहेरची हवाही नळीत येते आणि बुडबुडे थांबतच नाहीत. नवखा माणूस घाबरून बाटलीमागून बाटली रिकामी करतो. ते बुडबुडे ब्रेकच्या आतले नसून बाहेरचेच आहेत हे ओळखणं हीच या पंथाची दीक्षा.

तिसरा, खालून वर. सिरिंजमध्ये नवं फ्लुइड घेऊन ते निपलमधून आत ढकलायचं. हवा स्वभावानेच वर जाते, त्यामुळे हा मार्ग तिच्या बाजूचा. नवा कॅलिपर बसवून नळी पूर्ण कोरडी असेल तेव्हा याला तोड नाही. पण कॅलिपरच्या तळाशी बसलेला गाळही त्याबरोबर वर चढतो आणि टाकी भरून वाहते. म्हणून आधी जुनं फ्लुइड काढून टाकल्याशिवाय हा मार्ग धरू नये. एबीएसच्या गाडीत तर त्या गाळाची वाट थेट एबीएसच्या यंत्रातून जाते.

चौथा, धीराचा. निपल थोडं उघडून फ्लुइड आपोआप गळू द्यायचं, किंवा रात्रभर लिव्हर रबरबँडने दाबून ठेवायचा. सकाळी लिव्हर कडक लागतो आणि लोक खूश होतात. बारीक बुडबुड्यांसाठी हा उपाय खोटा नाही. पण लिव्हर बांधून ठेवल्याने जुनं, पाणी प्यालेलं फ्लुइड जिथल्या तिथेच राहतं. ताप उतरला, दुखणं तसंच.

या पंथांत श्रेष्ठ कोणता यावर गॅरेजांत भांडणं होतात. आमचं मत असं, की पंथ गाडी पाहून निवडावा. पण कोणताही घ्या, हँडल असं वळवावं की मास्टर सिलिंडर सगळ्यांत उंच राहील आणि नळीच्या वळणांवर पान्याच्या मुठीने हलकेच टिचक्या माराव्यात. अडून बसलेली हवा बऱ्याचदा नळी मास्टर सिलिंडरला जोडणाऱ्या वरच्या बँजो बोल्टच्या खोबणीतच असते.

भागवाभागवीची रेघ

आता त्या हद्दीकडे. अनेक रविवार आणि अनेक चुकांनंतर आमच्या हाती एक साधा नियम आला, आणि पुस्तकातली प्रत्येक कृती त्याला लावून तपासली आहे. फ्लुइड दाबाखाली असताना ज्याला ज्याला शिवतं, ते विकतचं, नवं आणि त्याच गाडीचं हवं. फ्लुइड बाहेर पडल्यावर त्याला जे भेटतं, ते घरचं चालेल.

म्हणजे नळी घरची चालेल. गवंडी भिंतीची पातळी पाहायला वापरतात ती पारदर्शक नळी, माशांच्या टाकीची नळी, किंवा मेडिकलमधून आणलेली कोरी सलाइनची नळी, यांतलं जे निपलवर घट्ट बसेल ते. ती निपलपासून आधी वर न्यायची आणि मग खाली बाटलीत सोडायची, म्हणजे निपलपाशी कायम फ्लुइडच राहतं. सिरिंज घरची चालेल, पण नवी. तिचा दट्ट्या अडखळू लागला की टाकून द्यायची. माशांच्या टाकीच्या नळीतला एकतर्फी व्हॉल्व्हही चालेल, तो विहिरीवरच्या फूट व्हॉल्व्हचा धाकटा भाऊच आहे. पेंटवर टाकायला जुनी चादर, शिंतोड्यांवर ओतायला पाण्याची बादली, लिव्हर बांधायला सायकलच्या ट्यूबची पट्टी, हे सगळं घरचं.

आणि चालणार नाही ते असं. माळ्यावर ठेवलेली, गेल्या वर्षी उघडलेली अर्धी बाटली: तिनेही एक पावसाळा पाहिलेला असतो. काढलेलं फ्लुइड गाळून परत घालणं. तांब्याचा जुना, चपटा झालेला वायसर उलटा करून बसवणं. रबरी सीलाच्या जागी हाताला आलेलं दुसरं सील. पकडीने आवळलेलं निपल. निपलला लागतो तो जोर फक्त पाच ते आठ न्यूटन मीटरचा, म्हणजे मनगटाचा. दंड वापरला की आटे गेलेच. आठचा पानाही घरात पडलेला कसलाही नको. सहा कोनी, न झिजलेला रिंग पाना विकत घ्यावा, कारण गंजलेल्या निपलवर ओपन पाना लावणं म्हणजे पुढचं बिल स्वतःच्या हाताने लिहिणं.

एक सूचना फ्लुइडपेक्षा घरातल्या माणसांसाठी. काढलेलं फ्लुइड पाण्याच्या बाटलीत पडतं आणि पिवळसर सरबतासारखं दिसतं. ते विषारी आहे. म्हणून बाटलीचं तोंड आधीच कापून टाकावं, अंगावर ठळक अक्षरांत लिहावं, आणि काम संपल्यावर ते गटारात किंवा बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, न ओतता, कुठल्याही तेलात न मिसळता, वेगळंच गॅरेजवाल्याकडे द्यावं. वसईच्या जमिनीखालचं पाणी अजून काही घरांच्या माठात येतं.

पुस्तक कुणासाठी, कुणासाठी नाही

गाडीला दोन्ही चाकांना ड्रमच असेल तर तिच्यात द्रव नाही. त्या मालकाने या पुस्तकातली केबलची पानं वाचावीत आणि निश्चिंत व्हावं. काही कॉम्बी ब्रेकच्या मोटारसायकलींत मागच्या पेडलने पुढच्या कॅलिपरचाही एक पिस्टन दाबला जातो. तिथे आधी कोणतं निपल आणि मग कोणतं, हा क्रम गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. एबीएस असलेल्या गाडीत नुसतं फ्लुइड बदलणं घरी जमू शकतं, पण टाकी एकदाही रिकामी होता कामा नये. हवा एबीएसच्या यंत्रात शिरली तर ती काढायला संगणक जोडून आतले व्हॉल्व्ह चालवावे लागतात, आणि तिथे घरच्या नळ्या-बाटल्यांचं राज्य संपतं. निपल फिरत नसेल, नळीला फुगवटा दिसत असेल, कॅलिपरच्या खाली ओल असेल, तर पुस्तक मिटावं आणि गाडी ढकलत न्यावी.

कुणाकडे? चौकातल्या मेकॅनिककडेच. वालीव आणि गोखिवऱ्याच्या गाळ्यांत लेथवर आणि बेंचवर काम करून हात घडवलेली माणसं या शहरात आहेत. काहींनी पुढे स्वतःचं गॅरेज टाकलं, काही आयटीआयमधून आली, काही ‘छोटू’ म्हणून पाने देता देता शिकली. त्यांचं काम काढून घ्यावं हा या पुस्तकाचा हेतू नाही. वाचून झाल्यावर तुम्ही गाडी त्यांच्याकडेच दिलीत तरी बिघडत नाही. फक्त ‘ब्रेक बघा जरा’ असं म्हणण्याऐवजी ‘फ्लुइडला दोन पावसाळे झाले, सीलबंद बाटली माझ्यासमोर उघडा’ असं म्हणता यावं. एवढं जरी साधलं तरी पुस्तकाचं मोल वसूल झालं.

म्हणून पुढची मांडणी अवजारांपासून नव्हे, हातापासून सुरू होते. आधी चांगला लिव्हर कसा लागतो ते ओळखायचं, मग वाईट कसा, मग त्याचं कारण, आणि सगळ्यांत शेवटी पाना. प्रत्येक कामाचा शेवट रस्त्यावर नाही, उभ्या गाडीवर होतो: लिव्हर पूर्ण जोराने दाबून शंभर आकडे मोजायचे. या वेळात तो हळूहळू आत सरकला तर कुठेतरी गळती आहे, आणि गाडी हलवायची नाही. जागच्या जागी राहिला, तरच पार्किंगमध्ये चालीच्या वेगाने एक फेरी.

जिन्याखालच्या त्या पहिल्या दिवशी आमचं काम दुसऱ्या खेपेला जमलं तेव्हा मी आईला तेच करायला सांगितलं. ती आकडे मोजत होती, ओठांतल्या ओठांत. साठाच्या आसपास थांबली आणि म्हणाली, ‘सकाळी हा हातात जिरत होता. आता उलटा ढकलतोय.’ आईला मास्टर सिलिंडर माहीत नव्हता, डॉट ४ माहीत नव्हतं. पण ब्रेक नीट झालाय हे तिच्या बोटांना माझ्या आधी कळलं होतं. तरी मी म्हटलं, ‘शंभरपर्यंत मोज.’ तिने मोजले.